दशमांश वेळेवर, पगार उशिरा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड, शाळांचे बाक अशी कामं होतात. कामगार अकरा. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) शास्त्राप्रमाणे, म्हणजे बायबलप्रमाणे, व्यवसाय कसा करावा यावर काही रविवार उपदेश झाले आणि त्यांनी धंद्याची रीतच बदलली. बिनबिलाची कामं बंद, कमिशन बंद, रविवारी शटर बंद. रोज सकाळी कामगारांसोबत प्रार्थना. खात्यात जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेचा दहावा हिस्सा मंडळीला. आज कामं जवळपास निम्म्यावर आली आहेत. आसपासचे लोक सोळा गेज सांगून त्याहून पातळ अठरा गेजचा पाइप लावतात, त्यामुळे रेटमध्ये टिकता येत नाही. एका शिक्षणसंस्थेचं बाकांचं मोठं काम समोर आहे, पण तिथला खरेदी पाहणारा पाच टक्के मागतो आहे. पत्नी म्हणते, पहिल्यासारखं करा, नाहीतर शटर कायमचं ओढावं लागेल. त्यांचा प्रश्न असा: ‘वचनाप्रमाणे चालूनही यश का नाही? माझाच विश्वास कमी पडतो का? हे काम घेऊ की सोडू?’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘गेले तीन महिने पगार पंधरा-वीस तारखेपर्यंत लांबतात, पण माणसं जुनी आहेत, सांभाळून घेतात.’

प्रिय बंधू,

तुमच्या पत्राची मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात करणार आहे. तुम्हाला ती किरकोळ वाटली असावी, म्हणून ती शेवटी आली. मी स्वतः विश्वासी आहे आणि पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब पाहते. त्या दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट मला तीच वाटते. पाच टक्क्यांचा प्रश्न तिच्यानंतरचा.

दशमांशावरच्या उपदेशात जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन तुम्ही नक्की ऐकलं असेल. सगळा दशमांश भांडारात आणा आणि आकाशाची दारं उघडून मी आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही याची प्रचीती पाहा, असं परमेश्वर तिथं म्हणतो. आता शास्त्र उघडा आणि त्याच अध्यायात पाच वचनं वर जा. तिथं परमेश्वर न्याय करायला येतो, आणि ज्यांच्याविरुद्ध तो स्वतः साक्ष देणार आहे त्यांच्या यादीत जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे यांच्या जोडीला मजुराची मजुरी अडकवणारे आहेत. संदेष्टा एक, अध्यायही एकच. मंडळ्यांमध्ये दहावं वचन पाठ असतं आणि पाचवं क्वचितच वाचलं जातं, ही माझी जुनी तक्रार आहे. ती तुमच्या पाळकसाहेबांवर नाही, आपल्या सगळ्यांवरच आहे.

मजुरीच्या बाबतीत शास्त्र कुठंही मोघम बोलत नाही. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटलं आहे की मजूर आपल्यातला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. याकोब आपल्या पत्रात सांगतो की अडकवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. आपल्याकडचा कायदाही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायला सांगतो. ‘माणसं जुनी आहेत, सांभाळून घेतात’ असं तुम्ही लिहिता. ती सांभाळून घेतात म्हणजे काय करतात? किराणा उधारीवर आणतात, मुलाची फी लांबवतात, कुणाकडून तरी टक्केवारीनं उचलतात. तुमच्या वर्कशॉपचं खेळतं भांडवल गेले तीन महिने तुमचे वेल्डर आणि हेल्पर पुरवत आहेत, तेही बिनव्याजी. बँक इतक्या सहज देत नाही.

आता दशमांशाचा हिशेब. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण हीच चूक करणारे आणखी व्यावसायिक मला माहीत आहेत. ‘खात्यात जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेचा दहावा हिस्सा’ असं तुम्ही लिहिलं आहे. समजा तुम्ही एक लाखाचं काम केलं. १८ टक्के जीएसटी धरून खात्यात १,१८,००० आले. त्यातून तुम्ही ११,८०० मंडळीला दिले. पण त्यातले १८,००० मुळात तुमचे नव्हतेच, ते सरकारचे. इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीची, भानगड तूर्त बाजूला ठेवू. राहिलेल्या लाखात लोखंड साठ हजारांचं, मजुरी अठरा हजार, आणि वीज, रॉड, कटिंग व्हील, रंग, टेम्पो, भाडं मिळून बारा हजार धरा. उरतात दहा हजार. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घालून पाहा. या दहा हजारांचा दशमांश एक हजार होतो आणि तुम्ही देता ११,८००. म्हणजे प्रत्येक लाखाच्या कामामागे घरातून अठराशे घातले. निम्मी कामं गेली हे खरं, पण हातात राहिलेली कामंही तुम्हाला बुडवत आहेत, आणि त्यात अठरा गेजवाल्यांचा काहीही हात नाही.

जुन्या करारातला दशमांश शेताच्या उत्पन्नातून, वाढलेल्या कळपातून द्यायचा होता. तो वाढीचा हिस्सा होता, दुकानातल्या मालाच्या किमतीचा नव्हे. नफ्यातून द्या, किंवा तुम्ही स्वतः घरी नेता त्या रकमेतून द्या. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. मात्र मजुरी चुकती होईपर्यंत नफा झालाच असं कसं म्हणायचं? पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश मोजून देणाऱ्या शास्त्र्यांना येशूनं न्याय आणि दया सोडल्याबद्दल सुनावलं होतं (मत्तय, अध्याय २३). दशमांश देऊ नका असं तो म्हणाला नाही, हेही तिथंच लिहिलेलं आहे. म्हणून मीही दशमांश बंद करा असं म्हणत नाही. क्रम बदला, एवढंच म्हणते.

तुमचा मोठा प्रश्न यशाचा आहे. वचनाप्रमाणे धंदा केला की बरकत येते, हे गणित कुठून आलं? नीतिसूत्रांत तसा सूर आहे हे खरं. पण त्याच शास्त्रात ईयोबाचं पुस्तक आहे. तिथं नीतिमान माणसाची गुरंढोरं, मुलंबाळं सगळं जातं, आणि ‘तूच काहीतरी पाप केलं असशील’ म्हणणाऱ्या मित्रांनाच शेवटी देव फटकारतो. त्र्याहत्तरावं स्तोत्र दुष्टांची भरभराट पाहून चडफडणाऱ्या माणसाचं आहे. तेव्हा कामं कमी झाली म्हणून विश्वास कमी, असं म्हणाल तर तुम्ही स्वतःच ईयोबाचे मित्र होऊन बसाल.

अशा उपदेशांमध्ये यशस्वी ख्रिस्ती उद्योजकांचे दाखले देतात. कॅडबरीचा दाखला तर ठरलेला. तो खोटा नाही. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या या कुटुंबानं १८७९ मध्ये बर्मिंगहॅम शहरातून कारखाना बाहेर हलवला आणि बोर्नव्हिलला कामगारांसाठी बागा असलेली घरं, मैदानं, शाळा उभी राहिली. पण गोष्ट तिथं थांबवली की अर्धी राहते. कंपनीचा बराचसा कोको साओ तोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून यायचा. तिथं अंगोलातून आणलेली माणसं करारपत्राच्या नावाखाली गुलामीत राबत होती. हे कॅडबरींच्या कानावर १९०१ मध्ये आलं. चौकश्या झाल्या, सरकारशी पत्रव्यवहार झाला, माणसं पाठवून पाहणी झाली, आणि या सगळ्या काळात खरेदी चालूच राहिली. ती थांबली १९०९ मध्ये. एका वर्तमानपत्रानं यावर टीका केली तेव्हा कंपनीनं बदनामीचा खटला भरला. ज्युरीनं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला, पण भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. ही माणसं ढोंगी होती असं मला वाटत नाही. बोर्नव्हिलचा कामगार त्यांना रोज दिसत होता आणि साओ तोमेचा दिसत नव्हता. तुम्हाला मंडळीतली दानपेटी दर रविवारी दिसते.

म्हणून तुमच्या यादीत जे नाही त्याबद्दल विचारते. वीज वापरून उत्पादन करणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागतो. तुमच्याकडे अकरा आहेत. २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तुमचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. नोंदणी आहे का? ग्राइंडरला गार्ड आहे, की काम पटकन होतं म्हणून काढून ठेवला आहे? हेल्पर वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघतात का? शेडवर चढणाऱ्याच्या कमरेला बेल्ट असतो का? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. नवं घर बांधशील तर छताला कठडा कर, म्हणजे तिथून कुणी पडून तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. कठडे बनवून देणाऱ्या माणसाला हे वचन एव्हाना पाठ असायला हवं होतं!

रविवारची सुट्टी ठेवा. साप्ताहिक सुट्टी कायद्यानंही द्यायचीच असते, आणि शब्बाथाच्या आज्ञेत दास-दासी, परके आणि बैलसुद्धा नाव घेऊन मोजले आहेत. सकाळच्या प्रार्थनेबद्दल मात्र मला शंका आहे. अकरापैकी किती जण तुमच्या मंडळीतले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ज्याचा पगार तुमच्या हातात आहे तो ‘मला यायचं नाही’ असं तोंडावर म्हणेल का? आणि पगार अडलेला असताना मालकाच्या प्रार्थनेला उभं राहायचं म्हणजे त्याच्या मनात काय येत असेल? तुम्ही आणि ज्यांची मनापासून इच्छा आहे त्यांनी कामाच्या वेळेआधी ऑफिसात बसून प्रार्थना करावी. हजेरी त्यानंतर घ्यावी.

आता गेजचं पाहू. सोळा गेजची जाडी साधारण १.६ मिलिमीटर आणि अठरा गेजची १.२. म्हणजे पाव भाग लोखंड गायब. पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका असं अनुवाद सांगतो, तो हाच प्रकार. शेजाऱ्याला तुम्ही सुधारू शकत नाही, पण गिऱ्हाइकाच्या हातात माप देऊ शकता. कोटेशनमध्ये गेज लिहायचं सोडा, मिलिमीटर लिहा. एकगठ्ठा रकमेऐवजी किलोचा दर आणि अंदाजे एकूण वजन लिहा. माल पोचवण्याआधी वजनकाट्यावर न्या आणि काट्याची पावती बिलाला जोडा. साइटवर जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन जा आणि पाइपचं कापलेलं टोक गिऱ्हाइकालाच मोजायला सांगा. दुसऱ्याचं कोटेशन हातात असेल तर ‘त्यांनाही जाडी मिलिमीटरमध्ये लिहून द्यायला सांगा’ एवढंच बोला, कुणाचं नाव घेऊन वाईट बोलायची गरज नाही. तुमचा रेट जास्त का, हे आजवर फक्त तुम्हालाच माहीत होतं. तरीही काही जणांना स्वस्तातलंच हवं असतं. ते तुमचे गिऱ्हाईक नाहीत.

बिनबिलाची कामं सोडलीत ते योग्यच. पण घरगुती गिऱ्हाइकाला १८ टक्के जड जातात हेही खरं आहे. तुमची वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर कंपोझिशन योजनेबद्दल तुमच्या सीएंना विचारा. त्यात उत्पादकाला उलाढालीवर एक टक्का कर पडतो आणि तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. अडचणी दोन आहेत. तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, आणि तुमच्याकडून घेणाऱ्या कंपन्यांनाही ते मिळत नाही, त्यामुळे कंपन्यांची कामं जास्त असतील तर हे परवडणार नाही. शिवाय जागेवर बसवून द्यायचं काम कशात धरलं जाईल, हे तुमची बिलं पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

कंपन्यांकडची येणी थकली असतील, आणि पगार लांबण्यामागे बहुतेक तेही असेल, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती मोफत होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाहीत. त्यामुळे मार्चच्या आधी पाठवलेलं एक सभ्य पत्र बरंच काम करतं. हक्काचं मागण्यात ख्रिस्तीपणाला बाधा येते असं मानणारे भेटतात. पण तुम्ही मागितलं नाहीत तर तो उशीर खाली अकरा घरांपर्यंत जातो.

उरले पाच टक्के. एक फरक ध्यानात घ्या. तुमच्या हक्काचं काम कुणी अडवून धरलं आणि नाइलाजानं पैसे मागितले, ती एक गोष्ट. इथं तसं नाही. इथं दुसऱ्याच्या संस्थेचा निर्णय तुम्ही विकत घेणार आहात. लाच डोळसांना आंधळं करते असं जुन्या करारातलं निर्गम हे पुस्तक म्हणतं. तुमच्या बाबतीत ती बाक घेणाऱ्या संस्थेला आंधळं करील, आणि ते पाच टक्के शेवटी बाकाच्या किमतीत, म्हणजे पोरांच्या फीमध्ये बसतील. कायदाही पाहून ठेवा. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचा कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक धरला जातो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला त्यातून सूट आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

काम सरळ सोडून देऊ नका. कोटेशन संस्थेच्या सचिवांच्या नावे बंद पाकिटात द्या आणि पोच घ्या. एका बाकाचं वजन, पाइपची जाडी, किती वर्षं वेल्डिंगची जबाबदारी घ्याल, सगळं लिहा. शेवटी ‘हा दर कोणत्याही मध्यस्थाविना आहे’ ही ओळ टाका. नमुन्याचा एक बाक शाळेत नेऊन ठेवता आला तर उत्तम. एवढं करूनही काम बहुधा जाईल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. ते गेलं तर वर्कशॉप तगेल का, हे तुमच्या हिशेबावर ठरेल. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला येशूनंच दिला आहे. हातातल्या कामांवर अकरा माणसं पोसत नसतील तर ते आत्ताच उघड बोला. एखाद्याला दुसरीकडे लावून देणं, त्याचा पूर्ण हिशेब चुकता करून, हे त्याला महिनोन्‌महिने वीस तारखेची वाट पाहायला लावण्यापेक्षा कितीतरी बरं.

या महिन्यात जी पहिली रक्कम येईल तिच्यातून जीएसटीचा भाग काढून वेगळ्या खात्यात टाका. मग थकलेले पगार द्या. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय नावाच्या जकातदारानं येशूला भेटल्यावर चौपट परत करायचं कबूल केलं होतं, तुम्ही निदान उशिरामुळे कुणाला व्याज भरावं लागलं का एवढं विचारा आणि ते भरून द्या. पाळकसाहेबांनाही भेटा, कारण तुमचं देणं अचानक कमी झालेलं त्यांना दिसणारच आहे. मोठ्या देणगीदाराचा हात आखडला की छोट्या मंडळीचंही गणित कोलमडतं, म्हणून आधी सांगणं बरं. जाताना एका लाखाच्या कामाचा खराखुरा हिशेब एका कागदावर मांडून न्या. पत्नीलाही बरोबर घ्या. त्यांचं ‘पहिल्यासारखं करा’ हे तुम्ही विश्वासाला विरोध म्हणून ऐकलंत असं पत्रावरून वाटतं. घरखर्च भागतो की नाही हे त्यांना रोज दिसतं, तेव्हा त्यांना नेमकं काय पहिल्यासारखं हवं आहे, हे आधी त्यांनाच विचारा.